होडीवाल्याचा बांबू

तंजावूर, मंगळवार, १९ जुलै १९९४

होडीवाल्याचा बांबू व्हरांड्यात आणून ठेवलाय. अजून ओला आहे.

आज कोल्लिडम नदीतल्या बेटाची होडी तपासायला गेलो होतो. परवाना संपून दोन महिने झालेले. मी त्याच होडीतून अलीकडे आलो, उतरलो आणि मगच त्याच्या हातातला बांबू जप्त केला. नदीचा तळ रेटायला तेवढंच त्याचं साधन. घर पलीकडे, बेटावर. बायको तिकडच्या काठावर उभी.

"सार, मी घरी कसा जाऊ?"

"अर्ज कर," म्हटलं. जीपचा ड्रायव्हर हसला, म्हणून मीही हसलो. म्हणून? छे, आधी मीच हसलो.

संध्याकाळी आमची ही केबल टीव्हीपुढून उठली, बांबू आडवा बांधला आणि त्यावर साडी वाळत घातली. "चांगला लांब आहे हो. कुठून आणलात?"

"कचेरीतून."

या घरात देवनागरी माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, म्हणून लिहितो. अर्ज त्याने केलेला आहे. पोंगलपासून, म्हणजे जानेवारीपासून, माझ्याच खणात पडलाय, सहीसाठी.

उद्या सही केली तर बांबू परत द्यावा लागेल. हिला तो आवडलाय.