गवताच्या रंगाचं जाकीट

तीर्थस्वरूप दाजींना,

वाकून नमस्कार (म्हणजे कागदावर, प्रत्यक्षात सध्या वाकता येत नाही). तुमची कंबर आणि अक्काचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडच्या खुशालीचा हिशेब असा: डाव्या अंगठ्याचं नख, एक चांगली फेल्टची टोपी आणि मंडळींचं (म्हणजे आमच्या सौ.चं) माझ्याशी बोलणं, एवढं गेलं, बाकी सर्व क्षेम. आणि हे सगळं एका दिवसात, आमच्या गल्लीमागे सुरू होऊन तुमच्या परसामागे संपणाऱ्या डोंगराच्या धारेवरून एकट्याने चालण्यापायी.

झालं असं की थोरलीने दुकानाच्या किल्ल्या मागितल्या. मागितल्या अगदी मायेने, पण गिऱ्हाइकांसमोर. म्हणाली, "बाबा, वरच्या फळीवरचा तागा काढायला शिडी चढता आणि खाली आल्यावर भाव सांगायला तुम्हाला दम उरत नाही. तुम्ही आता बसून कापड बेता, दुकान मी बघते." दाजी, हे दुकान मी दुसऱ्याच्या ओट्यावर, भाड्याच्या मशीनवर उभं केलं, हे तुम्ही पाहिलंय. किल्ल्या गेल्या की उरतो काय, तर गळ्यात टेप अडकवलेला एक म्हातारा. मी तिथल्या तिथे पैज लावली: अख्खी धार एका दिवसात, एकटा पार करतो, पलीकडे दाजींकडे चहा घेतो आणि बसने परत येतो. जमलं तर किल्ल्या माझ्याकडे, नाही तर तुझ्याकडे. मंडळी पंच. (पंच आपल्या बाजूचा असावा हे मला नंतर सुचलं.)

मंडळींनी सुचवलं, काहीतरी लाल घाला, म्हणजे खालून दिसाल. लाल घालून डोंगरावर जायला मी काय टपालपेटी आहे? पानगळीच्या या दिवसांत वरचं गवत ना पिवळं ना तांबूस, चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखं होतं. मी त्याची मूठभर काडी आणून दुकानातले तागेच्या तागे उलगडले, आणि सापडला तो रंग. दोरा त्याच रंगाचा, बटणं वाळक्या बोंडांच्या रंगाची. शिवून झालेल्या जाकिटावर गवताची मूठ ठेवली तर मूठ दिसेना. असं मॅचिंग या बाजारात दुसऱ्या कोणाला जमलं, तर मी कात्री खाली ठेवीन.

सकाळी पाण्याच्या टाकीमागून चढलो. टोपी पहिल्याच वळणावर वाऱ्याने नेली. तिचा मार्ग माझ्यापेक्षा सोपा होता. पण वर काय सुख, दाजी! एका अंगाला झाडांनी पानं सोडलेली, दुसऱ्या अंगाला आपलं सगळं गाव, आणि मधे मी, कोणाचंही माप न घेता. दुपारी मधल्या सुळक्यावरून गल्लीला हात करायचं ठरलं होतं. आता माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. ट्रायल रूममध्ये नवरा-बायको भावाबद्दल कुजबुजतात, ते मला चालू मशीनवर ऐकू येतं, आणि मी बाहेर तेवढाच भाव सांगतो. गल्ली तर बरोबर पायाखाली, सुटीचा दिवस, वारा पडलेला. एकेक शब्द वर येत होता. चष्मेवाल्याने दुकानातली दुर्बीण आणली होती. मी हात केले, दोन्ही हात केले, उड्या मारल्या.

"दिसतात का हो?" थोरली.

"एक बकरी दिसते," चष्मेवाला.

"धापा टाकते का बघा," मंडळी. आणि मग, "राहू द्या. शिंप्याने स्वतःला गवतात शिवून टाकलंय."

राग यावा की अभिमान वाटावा, ठरेना. शेवटी एका खोलगट जागी बसून पाव, उकडलेली अंडी आणि सफरचंद खाल्लं. ऊन असं कोवळं होतं की पुढची निम्मी धार कशी सरली कळलंही नाही. अंधार पडायच्या आत घरी होतो. आता तुम्हीच सांगा, किल्ल्या कोणाच्या?

अक्काला नमस्कार.

आपला मेहुणा आणि (अजून तरी) दुकानमालक

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. घरी पोहोचलो तो आगीच्या बंबाच्या गाडीतून. बकरीनंतर मी कुणालाच कुठे दिसलो नाही, म्हणून थोरली घाबरली आणि तिने बंबवाल्यांना वर धाडलं. त्यांना मी धारेच्या मध्यावर, गवतात आडवा असा सापडलो. मी म्हणालो, दाजींकडे चहा घेऊन परत निघालो होतो, बसने काय यायचं म्हणून चालतच. जरा पाठ टेकली. मंडळींनी निकाल राखून ठेवलाय. तेव्हा कोणी विचारलंच, तर मी आलो होतो, दोन कप घेतला, साखर कमी. अक्काला यात घेऊ नका. तिला खोटं बोलताना उचकी लागते.

ता. क. २. वरचं विसरा. पाकीट चिकटवायच्या आत थोरलीने अक्कालाच फोन केला. अक्का म्हणाली, चहाचं आधण दिवेलागणीपर्यंत ठेवलं होतं, पण आला कोण? थोरलीने हात पुढे केला. किल्ल्यांचा जुडगा घेतला, त्यातली बटणांच्या कपाटाची तेवढी सोडवून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "ते मॅचिंग काही मला जमायचं नाही." लिहिलेलं पत्र फुकट का घालवा, म्हणून धाडतो, आणि आता खरी विनंती: अक्काला सांगा, येत्या सुटीला आधण पुन्हा ठेव. येतो. बसने.

ता. क. ३. नखाचं सांगायचं राहिलं. बंबवाले तिसऱ्या प्रहरापासून भोंग्यातून मला हाका मारत धारेवर फिरत होते, दोनदा तर अगदी उशाशी. मला काही ऐकू आलं नाही. शेवटी एकाचा बूट माझ्या अंगठ्यावर पडला, तेव्हा मी सापडलो.