नवरदेवापुढची पायलट जीप

प्रिय बाळगोंडा,

अनेक आशीर्वाद. त्यातले थोडे राखून ठेवलेत, पत्र संपेपर्यंत तू ते कसे मिळवतोस बघू. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर जोडलेल्या हातांचं चित्र तेवढं पाठवतोस. चित्राशी भांडता येत नाही, म्हणून हा कागद.

दिवाळीत जेवायला आला होतास तेव्हाचं आठवतं? मी सहज विचारलं, पवनचक्कीचं एवढं लांब पातं रस्त्यानं नेतात तरी कसं. तू आमटीतली शेवग्याची शेंग काढून ताटात आडवी ठेवलीस. हे पातं. पुढं लिंबाची एक फोड, मागं एक, या तुझ्या जीपा. म्हणालास, "अक्का, पुढची जीप समोरनं येणाऱ्याला थांबवती, मागची शेपूट सांभाळती. डोक्यावर पिवळा दिवा, बाजूला लाल झेंडे. पुढचा 'रस्ता मोकळा' म्हणल्याबिगर ट्रेलरचं चाक हलायचं न्हाई. नियमच हाय तो." वाटीला वळसा घालताना शेंगेचं टोक माझ्या खिरीत गेलं आणि आपण किती हसलो! मुलांना 'अग्रेसर' शब्द शिकवताना मी तेव्हापासून तुझंच उदाहरण देते. आता दुरुस्ती करावी लागेल : अग्रेसर म्हणजे पुढे जाणारा, पण फक्त पंगतीत.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी कवठे महांकाळच्या स्टँडकडे निघाले, तर रस्त्यात वरात. वीरधवलची. ज्याच्या वडिलांच्या शब्दावर तुला पवनचक्क्यांची कामं मिळतात, तोच वीरधवल. नवरदेव घोड्यावर, मागं बँड आणि सगळ्यांच्या पुढं, पिवळा दिवा गरगरा फिरवत, लाल झेंडे लावून, तुझी जीप! घोड्याच्या चालीनं रस्ता मोकळा करत होती. समोरून येणारं कोण होतं? एक म्हैस, आणि तीही आपण होऊन बाजूला झाली. शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या थानांचं उदाहरण आम्ही संस्कृतात देतो : दिसायला थानं, दुधाच्या नावानं शून्य. तसला तो दिवा. पण खरं सांगू? तेव्हा मला राग आला नाही. शेजारी उभ्या बाईला मी कौतुकानं म्हणाले, "आमच्या बाळूची जीप आहे ही." त्या कौतुकाची मला आता लाज वाटते.

आमची एस.टी. जुन्या अरुंद रस्त्यानं गावं घेत सांगलीला जाते. मी पहिल्याच बाकावर होते. वळण आलं आणि समोर रस्ताच नाही. रस्त्याच्या जागी तुझं ते पातं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ना दिवा, ना झेंडा, ना हात करणारं माणूस. ट्रेलर जागच्या जागी थांबला, पण आमच्या ड्रायव्हरला थांबायला जागाच नव्हती. त्यानं गाडी द्राक्षबागेत घातली म्हणून मी आज लिहिते आहे. कंडक्टर क्रांती तिकिटं फाडत उभी होती. तिचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. दारातून बाहेर फेकली जाऊन द्राक्षांच्या मांडवाच्या तारांत अडकलेली ती पोर आधी काय म्हणाली असेल? "पाशिंजर समदं बरं हायत न्हवं?" आपलं काम काय, हे कुणाला कुठल्या अवस्थेत आठवतं, बघ.

आणि तुला काय आठवलं? तू ठाण्यात सांगितलंस की जीप मिरजेत बंद पडली होती, आणि 'थांब' म्हटलं तरी ट्रेलरचा ड्रायव्हर आपल्या मनानं निघाला. वा! जीप बंद पडली, ड्रायव्हर उद्धट निघाला, तू तेवढा निर्दोष. तर्काच्या परीक्षेत मी तुला नापास केलं असतं. पण पोलिसांनी पास केलं, आणि गुन्हा त्या ड्रायव्हरवर, लालासाहेबांवर दाखल झाला.

हे लालासाहेब काल दवाखान्यात क्रांतीला बघायला आले होते. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. मी तुझी बहीण हे त्यांना ठाऊक नव्हतं. बसमधली बाई म्हणून माझ्याशी बोलले. "आवं ताई, बर्फात ट्रक चालिवलाय मी, कवा आरसासुदिक फुटला न्हाई. मी थांबलो हुतो की कडंला. मालकाला फोन केला, तवा मालकच म्हणालं, निघ हळूहळू, जीप गाठंल तुला. आता लायसन गेलं तर या वयात मी करू काय?" हातातली केळ्यांची पिशवी उशाशी ठेवायची तेही विसरले, तशीच परत घेऊन निघाले. मी तुझं नाव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाळ्या, आपल्या माणसाचं नाव घ्यायला जीभ अडावी, अशी वेळ तू माझ्यावर आणलीस!

वीरधवलच्या घरी 'नाही' म्हणणं सोपं नव्हतं, कळतं मला. कामं बंद होतील ही भीती खोटी नाही. पण मग लालासाहेबांना 'थांब' म्हणायचं होतंस. दोन अक्षरी शब्द आहे, त्याला कुठं संस्कृत लागतं? पातं उन्हात एक दिवस पडून राहिलं असतं. वारा काही कुठं पळून चालला नव्हता.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. गुरुवारी सकाळी ठाण्यात माझा जबाब आहे. त्या वेळी जीप मिरजेत नव्हती, घोड्यापुढं होती, हे मी सांगणार. विचार बदलणार नाही, तेव्हा जोडलेले हात पाठवू नकोस. पण माझ्या तोंडून निघण्याआधी ते तुझ्या तोंडून निघावं, एवढंच मला हवं आहे. तू बुधवारी जा. जीप कुठं होती आणि 'निघ' कोण म्हणालं, दोन्ही सांग. भीती वाटेल. एवढा अवाढव्य माल एकट्यानं न्यायचा नसतो, हा तुझाच नियम, म्हणून बुधवारी मी शाळेत रजा टाकली आहे. दहा वाजता कुपवाडला तुझ्या दारात येते. तू पुढं चल, मी मागं आहे. मात्र पुढचा हलल्याशिवाय मागच्याला काही करता येत नाही.

राखलेले आशीर्वाद पिशवीत घेऊन येते.

तुझीच,
राजमती अक्का