आईच्या नावानं मोडलेली बोटं

आये, मी कोण ते आठवतंय का, की आधी खुणा सांगू? तुझ्या आठवणीचा मला कधीच भरवसा नव्हता. परक्यानं लिहिलेली चार चार पानं तू एकदा ऐकून धडाधड म्हणून दाखवायचीस, आणि पोटच्या पोरीला 'शिमग्याला येते' सांगून गेलीस ती दोन शिमगे उलटल्यावर उगवलीस. तर मी ती पोर. आता माझ्याच तोंडात पाच दात उरलेत. तुला पत्र धाडायचं म्हणजे गंमतच आहे. मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नव्हतं, आणि वर गेल्यावर तू शाळेत नाव घातलं असशील असं मला वाटत नाही. म्हणून मी बोलते आणि माझी सून लिहिते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिहू दे. खारघरच्या कॉलेजात शिकवते ती, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, माझ्याही काढेल. तिला मी आजवर सांगत आले की माझी आई मी लहान असतानाच गेली, मिठागरावर ताप येऊन. आज ती समोर बसून खरं काय ते लिहिणार आहे, म्हणून मी तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघून बोलते आहे.

सुने, लिही. माझी आई सिनेमात काम करायची. झालं, थांबली! 'आई, काय म्हणालात?' म्हणते. जे म्हटलं तेच लिही.

त्याची सुरुवात मिठागरावरच झाली, तेवढं मी खोटं सांगितलं नाही. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. मी सहा वर्षांची, बांधावर बसलेली. तू उन्हात मीठ ओढते आहेस. मुंबईची माणसं येतात, पेटीसारखं यंत्र तीन पायांवर उभं करतात, त्यांना मिठाच्या राशींपुढून बायका चालत गेलेल्या हव्या असतात. त्यांचा मोठा साहेब बुटांनी तयार मिठात चालतो. आणि तू टोपली टाकून त्याच्यावर अशी धावतेस, असं काही बोलतेस, की ते सुनेला मी लिहायला सांगणार नाही. साहेब बूट हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, 'बाई, हेच पुन्हा एकदा बोलाल का?' तू म्हणालीस, 'पुन्यांदा मिठात पाय घाल, मंग बोलते.' पुढच्या महिन्यात तू मुंबईला होतीस आणि मी आजीपाशी.

हिरॉइन कोण तुला करणार? तुझं नाक ते असं, आवाज तो तसा. तू सासू झालीस. तिशीच्या आत केसांना पांढरी पावडर लावून तुझ्याहून मोठ्या हिरोंची आई झालीस. कधी चुगलखोर शेजारीण, कधी सावत्र काकू. दहा मिनिटांचं काम, त्यात दोन थपडा आणि एक शाप. तोंडाला रंग लावणारा म्हातारा तुला तुझे संवाद एकदा वाचून दाखवायचा आणि दुसऱ्या वेळी तूच त्याच्या चुका काढायचीस. वर्षा-दोन वर्षांतून एकदा येऊन आजीच्या चुलीपुढे बसून हे सगळं तू मला सांगायचीस. थप्पड मारताना हात कसा वळवायचा, डोळ्यांत पाणी नसताना पदर कसा लावायचा. मी ऐकायचे आणि विचारायचे नाही की तू राहणार किती दिवस. सिनेमाच्या आधी नावं सरकायची, त्यात तुझंही असायचं म्हणे, खालून तिसरं की चौथं. ते कुठलं, हे ना तुला कळायचं ना मला. आणि खरोखर म्हातारी झालीस तेव्हा काम सुटलं. आता त्यांना प्रेमळ आज्या हव्या होत्या आणि तुला पाहिल्यावर लोकांना तू पडद्यावर सुनांना दिलेले चटके आठवायचे.

माझं लग्न ठरवताना आजीनं सांगून टाकलं की पोरीची आई नाही. सिनेमातल्या बाईची पोर कोण करतो? तू लग्नाला आलीस ती माझी मुंबईची मावशी म्हणून. आजीनं तुला बाजूला घेऊन समजावलं तेव्हा मी दाराआड होते. मला वाटलं आता मिठागरासारखी आग बरसेल. तू म्हणालीस, 'मावशी तं मावशी. याहून वंगाळ पार्ट केलेत मी.' आणि हसलीस. मला तेव्हा बरं वाटलं होतं, आये. ते बरं वाटणं मला अजून पचलेलं नाही.

मग ती जत्रा. माझ्या लग्नाला दोन वर्षं झालेली, तू पाहुणी आलेली. मैदानात तंबू लागला, पडदा लागला. बायकांची बाजू वेगळी, खाली सतरंजी. सासूबाई म्हणाल्या, 'मावशीला पण घे गो, मुंबईवालीला आमचा तंबू दाखव.' बसलो आम्ही तिघी. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला तू, मधे मी. आणि सिनेमा तुझा. मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असणार, पण तू चणे खात बसलीस. पडद्यावर तू येतेस, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, पांढरे केस, वाकडं तोंड. तुझ्या शेजारी बसूनही कुणी ओळखलं नाही. तू सुनेला उपाशी ठेवलंस, तिचं पत्र चुलीत घातलंस, आणि मग उलथनं तापवून तिच्या हातावर टेकवलंस. सगळा तंबू उठला. बायका कानशिलाशी मुठी नेऊन कडाकड बोटं मोडायला लागल्या. 'मुडदा बशिवला तुजा!' 'तुज्या हाताला किडं पडतील!' तू माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणालीस, 'उलथनं गार होतं गो. मी आदी माज्या हाताला लावून बगितलं.'

सासूबाईंनी मला कोपर मारलं. 'आगो, मोड ना बोटां! देवळात बसलीस काय?'

आणि मी मोडली. तुझ्या शेजारी बसून, तुझ्याच नावानं. एकेक करून नाही, दोन्ही मुठी कानशिलाला लावून एकदम. कडाकड वाजली. आमच्याकडे म्हणतात, राग खोटा असला तर बोटं वाजत नाहीत. माझी दहाच्या दहा वाजली. तू माझ्याकडे बघितलंस, फक्त एकदा. मग तू चण्यांचा पुडा मांडीवर ठेवलास, पदरातून हात काढलेस आणि स्वतःच्याच नावानं बोटं मोडलीस. वर ओरडलीस, 'कोन हाय गो ही रांड? हिला मातीत घाला!' सासूबाई खूश झाल्या. म्हणाल्या, 'मावशी आपल्यातलीच हाय.' सासवा बऱ्याच केल्यास तू, पण तुझं सगळ्यात मोठं काम त्या सतरंजीवर झालं, आणि ते फक्त मला कळलं.

परत येताना बांधावर मी पुढे, तू मागे. मी म्हटलं, 'सासूबाई बसल्या होत्या ना, मग काय करणार.' तू म्हणालीस, 'बरोबर केलास. बोटां मोडली नाय तं माजा पार्ट वाया गेला.' मग चार पावलं गेल्यावर तू म्हणालीस, 'दहाच्या दहा वाजली गो तुजी.' एवढंच. आवाजात हसू होतं. मी ठरवून टाकलं की तू चेष्टा करतेस. चेष्टा करायची खोड मला तुझ्याकडूनच आली, म्हणून ठरवणं सोपं गेलं.

तू गेलीस तेव्हा तुझ्या चाळीतल्या शेजारणीनं निरोप धाडला. मी एकटीच गेले, घरी मावशी गेली म्हणून सांगितलं. स्मशानातल्या खोलीत एक कारकून कागद भरत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, 'मयत तुमची कोण?' तिथे सासूबाई नव्हत्या, गाव नव्हतं, मला ओळखणारं एक माणूस नव्हतं. कुणाला भ्यायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, 'मावशी.' त्यानं लिहिलं, शाई पुढे केली, मी अंगठा दिला. अंगठा पुसायला त्यानं चिंधी दिली तेव्हा मला वाटलं, अजून सांगता येईल. पण मागे दुसरे लोक उभे होते. सरकारदरबारी तुला मूलबाळ नाही, आये. तसा माझा अंगठा आहे. तुझे दिवस मी केले नाहीत. भाचीनं कशाला करायचे?

एवढ्यावर मी गप्प राहून मेलेही असते. पण गेल्या गुरुवारी काय झालं ते ऐक. माझ्या सासरची भाताची खाचरं होती तिथे आता आमची सोसायटी आहे. खाली हॉलमधे दर गुरुवारी आम्हा म्हाताऱ्यांचा कट्टा बसतो. भिंतीवर जुना सिनेमा लावतात. या वेळी सुट्टी होती म्हणून ते सिनेमाचं यंत्र लावायला ही माझी सूनच आली होती. आणि भिंतीवर तू. तेच कुंकू, तेच उलथनं. बायकांनी हसत हसत बोटं मोडली, जुनी सवय म्हणून. तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, 'खऱ्या आयुष्यात पण ही अशीच असेल हो. चेहराच बघा ना.' सगळ्या माझ्याकडे बघत होत्या असं नाही, पण मी उत्तर दिलं. मी म्हटलं, 'असेल.' सासूबाई जाऊन पंचवीस वर्षं झाली, नवरा गेला, माझं लग्न आता कोण मोडणार होतं? तरी म्हटलं, 'असेल.' आणि घरी येताना सून म्हणाली, 'आई, त्या सासूचं काम कोणी केलं हो? नावं इतकी भराभर गेली, मला वाचता आली नाहीत.' मला तिला म्हणता आलं असतं, मागे घे, थांबव, खालून तिसरं की चौथं ते वाच. लिहिल्यावर तुझं नाव कसं दिसतं, ते मला या वयात बघायला मिळालं असतं. मी म्हटलं, 'असेल कोणीतरी, मला काय माहीत.'

आता जे सांगायला बसले ते सांगते, म्हणजे सुटले. त्या तंबूत मी सासूबाईंना भिऊन बोटं मोडली नाहीत. पडद्यावरच्या सासूचाही मला राग नव्हता. तू दोन शिमगे आली नाहीस, त्याची बोटं होती ती. मनापासून मोडली. आणि ते तुला बांधावरच कळलं होतं, तरी तू हसलीस. पुढे तू किती वेळा आलीस, मला किती वेळा सवड होती तुझ्याजवळ बसून 'आये' म्हणायला. मी दार लावून घेऊनसुद्धा तुला 'मावशी'च म्हणत राहिले. तू जाऊन येत तरी होतीस. मी तर तुझ्यासमोर असून गेलेली होते.

सुनेनं पेन खाली ठेवलं आहे. डोळे पुसते आहे, म्हणजे माझे शब्द ओले होऊन पुसले जाणार. 'आई, पत्ता काय घालू?' म्हणते. बाई, एवढी शिकलीस आणि हे विचारतेस? कागद घडी करून तुझ्या कपाटात ठेव, माझ्याकडे नको, मला तो उघडून काय कळणार. आणि ऐक, येत्या गुरुवारी हॉलमधे सगळ्यांसाठी जेवण पाठवायचं. उडदाचे वडे, लाल भोपळ्याची भाजी, कारल्याचे काप आणि खीर. ताट बघूनच बायकांना कळेल की कुणाच्या तरी दिवसांचं जेवण आहे, आणि विचारल्याशिवाय त्या काही घास उचलायच्या नाहीत. विचारलं की मी सांगेन, असं मात्र लिहू नकोस. माझ्या तोंडाचा मला अजून भरवसा नाही. म्हणून तू माझ्या शेजारी बस, आणि मी 'मावशी' म्हणाले तर कोपर मार. खीर मात्र तांदळाची कर, शेवयांची नको, नाहीतर त्यांना वाटेल कुणाचा वाढदिवस आहे.