मागितलेला बुधवार

१२ फेब्रु., बुध.
आज परत शाळेतले शेवटचे दोन तास दुसऱ्याच्या गळ्यात घालून निघाले. बाबांची स्पीच थेरपी, पक्षाघाताने वाचा गेली तेव्हापासूनची. हॉस्पिटलमध्ये ही थेरपी फक्त बुधवारी असते, दुसरा वार मागितला की वेटिंग लिस्टच्या तळाशी. आणि मराठी दुभाष्या मिळत नाही, तेव्हा थेरपिस्ट जेस म्हणते, दर वेळी तूच ये. नवरा, निखिल, दोन आठवडे देशाच्या दुसऱ्या टोकाला कालगुर्लीच्या खाणीवर, एक आठवडा घरी. लेक इरा दहावीत, माझ्याच शाळेत. म्हणजे मीच.

जेसने चमचा दाखवला. बाबा म्हणाले, "खडू." चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळलं. मान खाली. मग तिने सहज एक ते दहा आकडे म्हणायला लावले, तर बाबा जे सुटले ते थेट सतराच्या पाढ्यात, कुठेही न अडखळता. पाणी मागता येत नाही, पण सतराचा पाढा शाबूत. जेस टाळ्या वाजवत होती. मी खिडकीतून पार्किंगकडे बघत बसले.

१४ फेब्रु., शुक्र.
प्रिन्सिपल सूला लेखी विनंती दिली. बुधवार पूर्ण मोकळा, आठवड्याला चार दिवस, पगार त्या हिशेबाने कमी. आमच्या करारात हे मागायचा हक्क आहे, आणि नाकारायचं तर शाळेला सबळ कारण द्यावं लागतं.

मिनला सांगितलं. शेजारचं डेस्क त्याचं, माझ्यासारखाच मॅथ्स शिकवतो, वर शाळेचं टाइमटेबलही तोच लावतो. पाच वर्षं एकच हीटर वापरतोय आम्ही दोघं. "गुड लक, मेट," म्हणाला. बस. तो बोलतोच कमी.

५ मार्च, बुध.
सू नाही म्हणाली.

कारण: बारावीच्या मेथड्सच्या, म्हणजे वरच्या गणिताच्या, वर्गाचा डबल पीरियड बुधवारी. मॅथ्सचा शिक्षक मिळत नाही, जाहिराती देऊन देऊन थकलो. "मृणाल, जमलं असतं तर दिलं असतं गं," असं काहीसं इंग्लिशमध्ये. खोटं बोलत नव्हती. खोटं बोलली असती तर मला नीट चिडता तरी आलं असतं.

आजची थेरपी चुकली. घरी आले तेव्हा बाबा शर्ट-पँट घालून, भांग पाडून सोफ्यावर बसलेले. सकाळी ती शाळेला निघाली तेव्हाही तसेच, इरा म्हणाली.

११ मार्च, मंगळ.
काल लेबर डेची सुट्टी, आज लेबरचं काम. युनियनच्या डेनिसला फोन केला. साठीची बाई, आवाज खरखरीत, एकदम मुद्द्यावर. पायऱ्या सांगितल्या. आधी शाळेतच तक्रार. मग नोकरीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी कमिशनपुढे समेटाचा प्रयत्न. तिथेही नाही जमलं तर लवाद.

"लवाद म्हणजे काय ते नीट समजून घे, लव्ह. कमिशनर जे ठरवेल ते तुझ्यावरही बंधनकारक आणि सूवरही. हरलीस तर परत हेच भांडण घेऊन यायचं नाही."

म्हटलं, समजलं. समजलं नव्हतं.

नि.ला रात्री सांगितलं. व्हिडिओवर त्याच्या मागे पत्र्याची खोली, हेल्मेट. म्हणाला, "मी नोकरी बदलतो ना." दर महिन्याला म्हणतो. घराचे हप्ते कोण भरणार, हे मग दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

२० मार्च, गुरु.
शाळेतली तक्रार झाली. वरून एक गृहस्थ आले, कॉफी प्यायले, सूचं बरोबर आहे म्हणून गेले.

स्टाफरूममध्ये वारं फिरलंय. कुणी वाईट वागत नाही, पण मी आत आले की विषय फुटबॉलवर जातो.

३ एप्रिल, गुरु.
समेटाची बैठक, फोनवर. शाळेच्या स्टोअररूममध्ये बसून बोलले, कंपासपेट्यांच्या ढिगात. शाळेकडून प्रस्ताव: एक आड एक बुधवारी दुपारनंतर मोकळीक.

जेसला विचारलं होतंच. तिने स्पष्ट सांगितलंय, पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल, दर आठवड्याला हवं. पंधरा दिवसांत बाबांचा आलेला शब्द परत जातो, हे मी रोज बघते.

डेनिस म्हणाली, "अर्धं मिळतंय. बरेच जण अर्ध्यावर घेतात."

दोन दिवस मागून घेतले.

५ एप्रिल, शनि.
बाबांना सगळं सांगितलं. सांगावं की नाही यातच महिना गेला होता, कारण बाबांनी हे भोगलंय.

मी पाचवीत होते. बार्शीला बाबा भूगोल शिकवायचे. संस्थेच्या अध्यक्षांच्या निवडणुकीचा प्रचार करायला नकार दिला, म्हणून त्यांना काढलं. बाबा शाळा न्यायाधिकरणात गेले. आई शिकवण्या घ्यायची, मामा धान्य पाठवायचा. मी कॉलेजला गेले तेव्हा निकाल लागला. जिंकले. पेढे वाटले. सन्मानाने परत रुजू.

आणि मग स्टाफरूममध्ये त्यांच्याशी कुणी बोलेना. अध्यक्षांना कळेल म्हणून. पुढे रिटायर होईपर्यंत नकाशांच्या खोलीत एकटे डबा खायचे. हे मला आईने सांगितलं, तेही ते रिटायर झाल्यावर. बाबांनी कधीच नाही.

म्हणून विचारलं, "बाबा, काय करू? अर्धं घेऊ की जाऊ?"

तोंड हलत होतं, हात टेबलावर. "जिं... जिंकलो." थांबले. "मग..."

त्या 'मग'च्या पुढे काही येईना. मी पुरवलं नाही, जेसने शिकवलंय, वाक्य पुरं करायचं नाही. शेवटी त्यांनीच हाताने ते बाजूला सारलं आणि म्हणाले, "तू जा."

जा म्हणजे लढायला जा, की आता इथून जा, मला त्रास देऊ नको? विचारलं नाही. सोमवारी डेनिसला कळवते, लवाद.

१४ मे, बुध.
सुनावणीची तारीख आली, जूनमध्ये. शाळेच्या बाजूने साक्षीदार दोन. सू, आणि मिन. टाइमटेबल तोच लावतो, तेव्हा साहजिक आहे.

दिवसभर दोघं शेजारी बसून पेपर तपासले. चार वाजता तो म्हणाला, "मला बोलावलंय." मी म्हटलं, "माहितेय. नो वरीज." मग त्याने हीटर माझ्याकडे वळवला.

२९ मे, गुरु.
बारावीतली अमनप्रीत वर्गानंतर थांबली. "मिस, तुम्ही बुधवारी येणार नाही का?" बातमी पोचलीय. म्हटलं, काहीच ठरलं नाही. म्हणाली, "माझी युनीची ॲडमिशन मेथड्सवर आहे, मिस." तक्रार नव्हती त्यात. घाबरली होती पोर.

हिला काय सांगायचं? माझे बाबा आणि हिची परीक्षा. एका तागडीत घालायच्या वस्तूच नाहीत या. पण कुणाला तरी घालाव्या लागणार आहेत.

१२ जून, गुरु.
सुनावणी. सिटीत, नवव्या मजल्यावर. मला वाटलं होतं कोर्टासारखं असेल, निघाली आमच्या शाळेतल्या मीटिंगसारखी खोली. कमिशनर बाईंना सर्दी झालेली. गोळ्या चघळत, पण एकेक शब्द ऐकत होत्या.

मी बोलले. बाबांबद्दल सांगताना मध्येच पाणी प्यायले, परत बोलले. सूच्या बाजूच्या वकिलाने नम्रपणे विचारलं, "तुमचे यजमान नोकरी बदलू शकत नाहीत का?" डेनिस उठायच्या आत कमिशनर म्हणाल्या, "नेक्स्ट क्वेश्चन."

सू बोलली. मॅथ्सला माणूसच नाही, दहावीला खेळाचा शिक्षक बीजगणित शिकवतोय. सगळं खरं. मलाच पटत होतं.

मग मिन. टाय लावून आला होता, कधी पाहिला नव्हता टायमध्ये. वकिलाने दोन-चार प्रश्न विचारले, त्याने होय-नाही केलं. मग डेनिसने विचारलं, "मृणालचा बुधवार मोकळा ठेवून टाइमटेबल बसतं का?"

मिन म्हणाला, "बसतं."

सूने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही लावून पाहिलंय?"

"घरी. फेब्रुवारीतच."

"मग शाळेला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही. आणि ते लावलं तर माझा बुधवार जातो."

मग कमिशनरांनीच विचारलं, म्हणजे काय. तेव्हा खाली बघत सांगितलं. बुधवारचे शेवटचे दोन तास त्याला मोकळे असतात. त्यात तो किंडरमधून, म्हणजे बालवाडीतून, मुलीला आणतो. बायको नर्सिंग होममध्ये दुपारच्या शिफ्टला. बाकी दिवशी सासूबाई आणतात, बुधवारी त्यांचं डायलिसिस असतं. मेथड्सचा डबल पीरियड त्याने घेतला तर मुलीला आणायला कुणी नाही.

त्या खोलीत मी एकटीच अशी होते जिला हे माहीत असायला हवं होतं. पाच वर्षं. मुलीचं नाव लिन, एवढंच ठाऊक होतं.

परतीच्या ट्रेनमध्ये मिन माझ्याच डब्यात. तो ट्रुगानिनाला राहतो, स्टेशन माझंच, टार्निट. आधी वेगळे बसलो, मग मीच उठून त्याच्यासमोर गेले.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मागितलंच नसतंस."

"मग आज का सांगितलंस?"

खांदे उडवले. "शपथ घेतली होती ना."

पुढचं स्टेशन आलं. मग म्हणाला, "तुझे बाबा कसे आहेत?" मी रडले. डब्यात सगळे फोनमध्ये होते, बरं झालं.

१५ जून, रवि.
केस मागे घ्यावी का? डेनिसला मेसेज केला. तिचा फोन आला, रविवार असूनही.

"घेऊ शकतेस. पण मिनने स्वतःचं नुकसान करून खरं सांगितलं, ते तू मागे घ्यावंस म्हणून नाही."

तेही खरं. आणि हेही खरं की आज सकाळी बाबा चहाचा कप पुढे करून म्हणाले, "साखर." मागितली. शब्दाने. इरा ओरडली, "आजोबा, यू सेड इट!" आणि त्यांच्या चहात तीन चमचे घातली. डायबेटिस गेला खड्ड्यात.

मागे घेतली नाही.

९ जुलै, बुध.
टर्मची सुट्टी. थेरपीहून आल्यावर ईमेल पाहिला. निकाल.

मिळाला. तिसऱ्या टर्मपासून वर्षअखेरपर्यंत बुधवार मोकळा, पुढच्या वर्षी परत विनंती करायची. शाळेची अडचण खरी आहे पण पर्याय शोधायचा प्रयत्नच झाला नाही, असं लिहिलंय. आणि मध्ये कुठेतरी एक ओळ: यामुळे एका सहकाऱ्याची मोठी गैरसोय होईल, ती लक्षात घेतली आहे.

लक्षात घेतली आहे. संपलं.

नि.ला फोन लागेना, शिफ्ट. बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हसले नाहीत.

२१ जुलै, सोम.
शाळा सुरू. सू स्वतः डेस्कपाशी आली. "बंधनकारक आहे, तेव्हा विषय संपला. मी अजूनही नाहीच म्हटलं असतं, हे तुला माहीत असू दे." मग जाता जाता, "डॅडना साखर मागता येते म्हणे? इट्स लव्हली." इराने तिच्या इंग्लिश टीचरला सांगितलं असणार.

ही बाई मला आवडते. सहा महिने भांडले तिच्याशी.

नवं टाइमटेबल भिंतीवर. बुधवारी माझं नाव नाही. पाचव्या-सहाव्या तासाला मेथड्ससमोर मिन.

जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन स्टाफरूममध्ये गेले. मिन खिडकीपाशी. त्याने समोरच्या खुर्चीवरची बॅग उचलून खाली ठेवली. बसले. भात खाल्ला दोघांनी.

लिनचं काय करतोस, हे विचारायला घंटा होईपर्यंत लागलं. "या आठवड्यात बायकोने सुट्टी घेतलीय. पुढचं बघू."

२३ जुलै, बुध.
पहिला हक्काचा बुधवार. घाई नव्हती. बाबांनी स्वतः बटणं लावली, एक चुकलं, तसंच राहू दिलं.

जेसने आज चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावली. कुत्रा, नदी, मुलगी. बाबांनी कुत्रा बरोबर, नदीला "सीना" म्हटलं. जेसला वाटलं चुकलं. मी म्हटलं, नाही, ती आमच्याकडची नदी आहे. जेसने टिक केलं.

आता थेरपीची सकाळची वेळ मागून घेतलीय, एक वाजताच मोकळे झालो. किंडर अडीचला सुटतं आणि हॉस्पिटलहून घरी यायच्या वाटेवरच आहे, फार तर दोन गल्ल्या आत. हे आज गाडीत बसेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. पार्किंगमधूनच मिनला मेसेज केला. पुढच्या बुधवारपासून लिनला मी आणते, तू सुटेपर्यंत ती आमच्याकडे राहील, बाबा असतील, इरा साडेतीनला येते.

पाठवल्यावर भीती वाटली. उपकार फेडल्यासारखं वाटेल का त्याला? किंवा निकालावर मलम? आणि चार वर्षांची पोर, ना ओळख ना पाळख, गाडीत एक आजोबा ज्यांना तिचं नाव घेता येणार नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि सगळ्या वाटेत ओठ हलवत होते. घराच्या वळणावर म्हणाले, "नील." मग मान हलवली, नाही. परत, "निल."

मिनचं उत्तर आता आलं, शाळा सुटल्यावर. "थँक्स. बायकोशी बोलतो. तिला अनोळखी माणसं चालत नाहीत." पाच मिनिटांनी दुसरा: "लिनला, म्हणजे. बायकोला नाही."

आणि मग तिसरा: "तुझ्याकडे कार सीट आहे का?"

नाही. इराची कधीच देऊन टाकली. मिळेल कुठूनतरी. पण तो हो म्हणालेला नाही अजून.