गेम कन्सोलची तक्रार खरी निघाल्यामुळे ती मागे घेणेबाबत

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी,
घरगुती विद्युत उपकरणे शाखा,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

अर्जदार : चष्म्याच्या दुकानाचा मालक (मागील अर्जातील तोच).

विषय : नवीन गेम कन्सोलमध्ये जुन्यापेक्षा काडीचाही फरक दिसत नाही, ही माझी तक्रार पूर्णपणे खरी निघाल्यामुळे ती मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा यापूर्वीचा संतप्त अर्ज.
२) निरीक्षकांच्या घरभेटीबाबत आपले पत्र.
३) काल दुपारी टीव्हीच्या मागे शिरून मी स्वतः केलेली पाहणी.

महोदय,

मागील अर्जात मी ‘फसवणूक’ हा शब्द लाल शाईने लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांबद्दल प्रथम दिलगिरी व्यक्त करतो. आपण तक्रारीची तातडीने दखल घेऊन उद्या सकाळी आपले तंत्र निरीक्षक मोजणीच्या उपकरणासह आमच्या घरी पाठवत आहात. कार्यालय इतक्या तत्परतेने हलते हे ठाऊक असते, तर मी तक्रार केलीच नसती. सदर भेट कृपया रद्द करावी. तक्रार मागे घेताना सविस्तर कारण देणे बंधनकारक असल्याचे आपल्या पत्रात छापले आहे, म्हणून ते खाली देत आहे.

१. आमच्या घरी एक जुना गेम कन्सोल होता व आहे. तो उत्तम चालतो. माझी धाकटी मुलगी व माझे वडील आप्पा असे दोघे त्यावर मोटारींची शर्यत खेळतात. माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा भाऊ, मोबाईल दुरुस्त करतो आणि कोणी न विचारता सल्ले देतो. “भावजी, प्रो मॉडेल घ्या. जुन्यावर खेळणं म्हणजे डोळ्यांवर अन्याय आहे,” असे तो मला जेवताना म्हणाला, जिन्यात म्हणाला आणि एकदा तर बाथरूमच्या दाराबाहेरून म्हणाला. मी रीतसर विरोध केला. पिढी तीच, गेम तेच. पुढची पिढी यायला अवकाश आहे म्हणून कंपनीने मध्येच तोच माल घासूनपुसून पुन्हा आणला आहे, असे माझे म्हणणे होते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने खुशाल घ्यावा. ज्याच्याकडे चालता कन्सोल आहे त्याने गप्प बसावे. शिवाय आमचा टीव्ही जुना. त्याला जेवढे झेपते तेवढेच तो दाखवणार. यावर पत्नीने “म्हणजे माझ्या भावाला काहीच कळत नाही, असंच ना?” असे विचारले. संध्याकाळी खोके घरात आले.

२. जोडणी मेहुण्याने केली. कोणाला हात लावू दिला नाही. नवे यंत्र टीव्हीशेजारी दर्शनी भागात ठेवले, जुने खालच्या खणात सरकवले. नवा कंट्रोलर खराब होऊ नये म्हणून पत्नीने प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला व जुनाच वापरावा असे ठरले. टीव्ही लागताच घरात एकच गलका झाला. धाकटीला ड्रायव्हरच्या मिशीतला केस न् केस वेगळा दिसला. पत्नीला गवत ओले वाटले. मेहुण्याने यंत्रावर तळहात ठेवून “गरम नाही, आवाज नाही, याला म्हणतात इंजिनिअरिंग!” असा निर्वाळा दिला. मला काहीही दिसले नाही. खालच्या खणातून जुन्या पंख्यासारखी घरघर मात्र ऐकू आली. ती मी निदर्शनास आणली असता, “जुनं मशीन बंद करायला तुमचाच जीव होत नाही, मग ते रिकामं फिरणारच,” असे मेहुण्याने सांगितले.

३. महोदय, माझा धंदा काय आहे हे आपण लक्षात घ्यावे. समोरच्याच्या डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी धरायची आणि विचारायचे, “हे स्पष्ट की ते?” याच प्रश्नावर मी संसार केला. आणि माझ्याच घरात मला सोडून सर्वांना फरक दिसतो! पत्नीने डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले. मला फरक दिसत नाही, हे मेहुणा बाजारभर सांगत सुटला; त्याच्या जिभेला हाड आहे कुठे? एका गिऱ्हाइकाने नंबर काढून घेताना मला काळजीने विचारले, “तुम्ही स्वतः कुणाकडे दाखवता?” त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मागील अर्ज लिहिला गेला.

४. उद्या निरीक्षकसाहेब येणार, तर निदान धूळ तरी पुसावी म्हणून काल मी टीव्हीच्या मागे शिरलो. तेथे असे आढळले की नव्या यंत्राला फक्त विजेची वायर आहे. टीव्हीला जाणारी वायर जुन्या यंत्रातून निघते आहे. म्हणजे आजवर सर्व शर्यती जुन्यावरच झाल्या. मिशी जुनी, गवत जुने. नवे यंत्र आल्यापासून नुसता दिवा लावून बसले आहे. ते गरम होत नाही, कारण ते काहीही करत नाही.

५. मी बरोबर होतो. अहो, संपूर्ण बरोबर होतो! आता बाहेर येऊन एकेकाला सोलून काढतो अशा आवेशात मी तोंड उघडले, तोच सोफ्यावरून आप्पा म्हणाले, “काय शोधतोयस रे तिथं? वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे बघ, तेवढं काढ.” जाळे होते. केसाएवढे. ते आप्पांना खोलीच्या पलीकडून दिसले. मी तोंड मिटले.

६. हे समजण्यासाठी आपणास आप्पांविषयी थोडे सांगणे भाग आहे. त्यांनी उभा जन्म बंदरावर क्रेन चालवली. उंच केबिनमध्ये बसून खालच्या पेटीच्या कडीत हूक अचूक सोडायचे, आणि ‘माझी नजर’ हे दोन शब्द ते आजही छाती पुढे काढून उच्चारतात. ती नजर गेली काही वर्षे उतरत चालली आहे. ते कपाशेजारी चहा ओततात. मध्यंतरी टपालवाल्याला आपला भाचा समजून त्यांनी घरात बसवून घेतले आणि मुलाबाळांची चौकशी केली. मी त्यांना मोठ्या मिनतवारीने चष्मा करून दिला, तर त्यांनी तो माळ्यावर फेकला. “क्रेनवाल्याला चष्मा? मी काय म्हातारा झालो?” असे म्हणून आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. पुढे एकदा त्यांनी रस्त्यात ट्रकसमोर पाऊल टाकले. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून ते घरी आले. मला त्या दिवसापासून धास्ती बसली आहे, महोदय. कोणी दारावर जोरात थाप मारली तरी मी आधी आप्पा घरात आहेत ना ते पाहतो.

७. नवे यंत्र आले त्या दिवशी धाकटीने कोणालाही न विचारता माळ्यावरचा तो चष्मा काढला, नव्या खोक्यात टाकला आणि आप्पांच्या हातात देऊन सांगितले, “आप्पा, हा मशीनबरोबर आलाय. हा लावल्याशिवाय प्रो चालत नाही.” आप्पांनी यंत्राचा भाग म्हणून तो निमूटपणे लावला. त्या शर्यतीत त्यांची गाडी प्रथमच भिंतीत न घुसता रस्त्यावर राहिली. तेव्हापासून ते चष्मा उतरवत नाहीत. न जाणो, कधीही खेळायची वेळ यायची! त्यांच्या मते या यंत्रातून अशी काही चित्रे येतात की ती पाहून डोळे धुतल्यासारखे होतात आणि तो असर रस्त्यावरही टिकतो. झोपताना चष्मा काढला की पुन्हा धूसर होते, त्याला ते “मशीन बंद केलं की असर उतरतोच” असे म्हणतात. आता चहा कपात पडतो. टपालवाला टपालवाला म्हणून ओळखला जातो. फरक फक्त माझ्या वडिलांनाच खरा दिसला आहे आणि त्याचे श्रेय ते एका न जोडलेल्या डब्याला देतात.

८. ‘मग चुपचाप वायर बदलून टाका, प्रश्न मिटला,’ असे आपण म्हणाल. तोही प्रयोग मी काल, पाहणीनंतर सगळे बाहेर गेले असताना केला. नवे यंत्र जोडले व प्रामाणिकपणे पाहिले. फरक आहे. कुंपणाच्या तारा थरथरत नाहीत आणि रस्त्यावरच्या डबक्यात ढग थोडे बरे दिसतात. एका डबक्यासाठी कोणी एवढा खर्च करू नये, हे माझे मत कायम आहे. परंतु संध्याकाळी घरचे परतले आणि गहजब झाला. पत्नी म्हणाली, गवत प्लास्टिकचे दिसते. धाकटी म्हणाली, मिशी गेली. आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला आणि टेबलावर ठेवून म्हणाले, “मशीन बिघडलं. आता याचा काय उपयोग?” चष्मा टेबलावर आलेला पाहताच मी दुरुस्तीचे निमित्त करून मागे शिरलो व जुनी वायर होती तशी लावली. “हां, आता कसं!” असे सर्व एका सुरात म्हणाले. मेहुण्याने फोनवरून माझे अभिनंदन केले.

९. उद्या निरीक्षकसाहेब आले की वायर पाहतील. पाहिले की बोलतील. मग आप्पा विचारतील की यंत्र बंद होते, तर मला दिसत कशामुळे होते? ते क्रेनवाले आहेत, महोदय; दोन आणि दोन चार त्यांना करता येतात. चष्मा पुन्हा माळ्यावर जाईल आणि रस्त्यावरचे सगळेच ड्रायव्हर वेळेवर ब्रेक दाबतील असे नाही.

सबब विनंती की,

(क) माझी तक्रार निकाली काढावी. ‘सदर वस्तू किमतीला योग्य वाटली काय?’ या आपल्या रकान्यात ‘होय’ लिहावे. ‘वस्तू वापरात आहे काय?’ या रकान्यात काहीही लिहू नये.

(ख) गाडी सांगून झाली असल्यामुळे भेट रद्द करणे अशक्य असल्यास निरीक्षकसाहेबांनी जरूर यावे, चहा घ्यावा, उपकरण यंत्राला पुढच्या बाजूने लावावे आणि “वा, जमीन-अस्मानाचा फरक आहे!” असे मोठ्याने म्हणावे. आप्पांना थोडे कमी ऐकू येते. टीव्हीच्या मागे पाहू नये. मेहुणा हजर असल्यास त्याचे कौतुक करावे लागेल; मीही ते रोज करतो, सवय होते.

(ग) आप्पांच्या चष्म्याचा नंबर विचारू नये. तो बरोबर आहे.

(घ) या अर्जाचे उत्तर घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवावे.

आपला, मागील अर्जापेक्षा पुष्कळच नम्र,

सही/-
(चष्मेवाला)

दिनांक : आपल्या निरीक्षकांच्या भेटीच्या आदल्या दिवशी, दुकानातून.

सोबत : मागील अर्जाची स्थळप्रत, दोन्ही रेघा खोडून.

ता. क. : सही करून पाकीट शोधत असतानाच आप्पा दुकानात आले. एकटे आले, रस्ता ओलांडून. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. एक बाई फ्रेम निवडत होत्या, त्यांना म्हणाले, “ताई, चष्म्याच्या भानगडीत कशाला पडता? माझ्या मुलानं घरी मशीन आणलंय. रोज अर्धा तास बघायचं, बास. हे बघा, समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचून दाखवतो.” आणि बोटाने चष्मा नाकावर नीट बसवून त्यांनी पाटी वाचली, खालच्या बारीक ओळीसकट, एक अक्षर न चुकता. बाईंनी फ्रेम ठेवली, यंत्राचे नाव लिहून घेतले आणि गेल्या. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक गृहस्थ गेले. आप्पा खूश आहेत. लोकांचे भले होते आहे, म्हणून उद्यापासून रोज दुकानात येऊन बसणार म्हणतात.

याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.