शीळकरी कस्तुरापुढे मौन

५ जुलै, सकाळ
लेकीचा, मृण्मयीचा मेसेज. दोन वर्षांनी. आंबोलीच्या जंगलात, ओढ्याकाठच्या कपारीत शीळकरी कस्तुराचं घरटं आहे. तीन पिल्लं थोड्याच दिवसांत उडतील, तिचा अभ्यासही संपत आलाय. "यायचं असेल तर या. पण तिथं बोलायचं नाही." खाली पाखराचं रेकॉर्डिंग.
रेकॉर्डिंग ऐकलं नाही. मुलीचा मागचा व्हॉइस मेसेजही मी अजून शेवटपर्यंत ऐकलेला नाही. शिवाय जिवंत गाणं मोबाईलवर ऐकणं हा गायकाचा अपमान. तत्त्वाचा प्रश्न आहे.
ठरलं. जायचं.
सरोजिनी म्हणाली, अहो, बोलायचं नाही हे पाखरासाठी आहे की तिच्यासाठी, ते एकदा नीट वाचा. बायको मेसेजमध्ये नको ते वाचते.

६ जुलै
मृण्मयीशी भांडण कशावरून झालं ते लिहून ठेवतो, लोक विपर्यास करतात. दुष्काळावरचं माझं भाषण. "माणसं टँकरमागं पळतायत आणि आमची शिकलेली पोरं पाखरं मोजतायत!" कडकडून टाळ्या. वाक्य सर्वसाधारण होतं. मृण्मयी तिसऱ्या रांगेत बसली होती हा योगायोग. टाळ्या थांबायच्या आत ती उठून गेली.
आता समोर बसवून सांगणार आहे की रोख तिच्यावर नव्हता. मुद्दे काढले. पाठपोट कागद भरला.

७ जुलै
शेजारचे तात्यासाहेब गेटपाशी भेटले. म्हणाले, सर, तिकडं जळवा लई. लागली तर कळत बी नाय, मोजा लाल झाला की मग कळतं. हसून सांगत होते. मीही हसलो. घरी येऊन मोजे काढून बघितले.
माहिती घेणं म्हणजे भीती नव्हे. जळवांविषयी वाचलं. फार वाचलं. दुपारी जेवलो नाही.

८ जुलै
हर्सूल तलावावर सराव. पँट मोज्यात खोचली, ओल्या गवतातून चाललो, झाडाखाली मौन धरून बसलो. तेवढ्यात एका गृहस्थानं चहाचा कप पाण्यात टाकला. जनहितार्थ मौन सोडलं. बरीच गर्दी जमली. सराव एकंदरीत उत्तम.
शेवटी मागून कुणीतरी शिट्टी मारली. घरी आलो. ऊन वाढलं होतं.

९ जुलै
शिट्टीबद्दल एकदाच लिहितो. क्रांती चौकातल्या जुन्या सभेत मागच्या रांगेतून एक शिट्टी आली, मग दुसरी, मग रांगच्या रांग. भाषण वेळेअभावी आटोपलं. माझे पाय थरथरत होते असं सरोजिनी म्हणते. व्यासपीठ हलत होतं.
तेव्हापासून नियम केलाय. शिट्टी आली की गर्जायचं: हिंमत असेल तर समोर या! कुणी येत नाही. यात भिण्याचा प्रश्न येतोच कुठं?

१० जुलै
बसचं तिकीट रद्द केलं. दरड कोसळल्याची बातमी बघितली. सरोजिनी म्हणाली, बातमी हिमाचलची आहे. दरड ती दरड.

१२ जुलै
मेसेज. पिल्लांना पिसं आलीत, दोन-तीन दिवसांत जातील.
सरोजिनीनं मला न विचारता तिकीट काढलं, बॅगही भरली. म्हणाली, पिल्लं उडाली की पोरगी बंगळुरूला जाणार, पुढच्या कामाला. मग तुमचे मुद्दे कुणाला सांगणार? तात्यासाहेबांना?
ताटावरून उठलो. ॲसिडिटी.
जळवांसाठी मीठ घेतलं, तंबाखू घेतली. पायांना गुंडाळायला सत्काराच्या दोन शाली. त्यांचा आजवर काही उपयोग झाला नव्हता.

१३ जुलै, आंबोली
आपल्याकडं उघड्या माळावर माणसाला लांबचं दिसायची सवय. इथं समोरचं झाड दिसत नाही आणि सगळं ठिबकत असतं. मृण्मयी स्टँडवर आली होती. वाळलीये. मी लगेच कागद काढला. म्हणाली, बाबा, ते उद्या. आधी पायाच्या शाली सोडा, लोक बघतायत.
सोडल्या. एक गळ्याभोवती घेतली. मान उघडी ठेवणं धोक्याचं, वाचलंय.

१४ जुलै, दुपार
सकाळी ओढ्यावर गेलो. तिनं मला खडकावर बसवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि घरटं बघायला पुढं गेली. धुक्यानं तिला गिळलं. मी एकटा. मानेवर काहीतरी थंड, ओलं वळवळलं. जळू! तरी ओरडलो नाही. याची नोंद असावी.
आणि मागून शिट्टी.
बेफिकीर, रेंगाळत, सूर धड नाही. पारावर बसलेल्या एखाद्या टवाळाची असते तशी. आणि पोरगी पुढं एकटी! मी उठलो आणि गर्जलो: कोण आहे तो? हिंमत असेल तर समोर या!
"समोर या" दरीनंही म्हटलं, दोनदा.
कुणी आलं नाही. काळंनिळं काहीतरी डोक्यावरून फडफडत गेलं.
मृण्मयी धुक्यातून पळत आली. म्हणाली, बाबा, तोच तो कस्तूर! शीळ त्याचीच! रेकॉर्डिंग ऐकलं नाहीत?
मानेवर जळू नव्हती. शालीचा ओला गोंडा होता.
विचारलं, परत येईल ना? म्हणाली, माहीत नाही. पिल्लं उपाशी आहेत. आता तरी गप्प बसा.
बसलो. मुद्द्यांचा कागद खिशात भिजून लगदा झाला. मी बोललो नाही. ओढा तेवढा बोलत होता. आला नाही तर पिल्लांचं काय, आणि मग ही माझ्याशी कधी बोलेल का, असं काहीबाही मनात येत होतं. पाय थरथरत होते. खडक हलत नसावा.
मग तो आला. चोचीत किडा, कपाळावर निळा पट्टा. आधी आमच्याकडं बघितलं, मग कपारीत शिरला. मृण्मयीनं माझा हात घट्ट धरला. तिला भीती वाटत असणार.
परतताना म्हणाली, पाखरू का उडालं ते नोंदवहीत लिहून आमच्या सरांना सांगावं लागेल. बिबट्या ओरडला म्हणू? शब्द आवडला. परवानगी दिली.

२० जुलै, घरी
पुढच्या व्याख्यानाचा विषय पक्का: "जंगलाशी निर्भय संवाद."
दुपारी मृण्मयीचा फोन. तिन्ही पिल्लं सुखरूप उडाली. मी सहज बिबट्याचं विचारलं. म्हणाली, सरांनी घरट्यापाशी लावलेल्या रेकॉर्डरवर तुमचा आवाज ऐकला, बिबट्या त्यांना पटला नाही. म्हैस लिहा म्हणाले.
हरकत घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात म्हणाली, बंगळुरूच्या आधी आठवडाभर घरी येतेय.
म्हैस तर म्हैस.