पारावरची फुंकर

अकोला,
रविवार, २४ नोव्हेंबर १९६८

ती. दादा यांस,
धाकट्या देवमनचा जयभीम. वहिनींनाही सांगावा.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. जमुनाचा आणि मुलींचा खोकला थांबला, सहामाहीचे पेपर तपासून झाले, तुम्ही धाडलेली मुगाची डाळ अजून पुरते आहे.

सूर्यभान पाटलांचा निरोप वाचला. "मास्तरनं मांगच्या साली सांगतलं थे गवत खरंच आलं. मास्तरले बोलवा, शाल-नारळ देऊ." हे लिहिताना तुमचं अक्षर नेहमीपेक्षा मोठं झालंय. पण येत्या रविवारी मला जमणार नाही. शाळेत तपासणी आहे.

रविवारी कसली तपासणी? वरची ओळ खोटी आहे. खोडणार होतो, पण राहू दे.

खरं तर वहिनींचं आधी विचारायला हवं होतं. तुम्ही एका ओळीत उरकलंत: हात सुजले, चिरा पडल्या, आता डोळे उघडत नाहीत, कापूस वेचायला जाता येत नाही. इथल्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, गाजरगवत काहींना असं बाधतं; मलम देतो, पण बाईंनी पुन्हा त्या गवताजवळ जायचं नाही. कधीच नाही. मी दोनदा विचारलं, "कधीच?" शेतात राबणाऱ्या बाईला हे कोणत्या तोंडानं सांगू?

गवत हातानं उपटा, असं पारावरून ओरडून सांगणारा मीच. दिवाळीत आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सांगतलं म्हून मी एकलीनं सारा धुरा साफ केला." शेताचा बांध साफ केल्याची शाबासकी हवी होती त्यांना. मी दिली. त्यांच्या बोटांवरचे लाल फोड तेव्हाच दिसले होते मला.

आता जे सांगायचं ते सांगतो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी सायकलवर गावोगाव भाषणं देत हिंडलो. कुणी सांगितलं नव्हतं, आपलीच हौस. लोकांनी ते गवत पाहिलेलं नव्हतं, म्हणून इथल्या मालधक्क्याजवळचं एक वाळकं झाड पिशवीत घेऊन फिरायचो. भाषण झालं की ते हातोहात फिरायचं. शेवटी मी ते तळहातावर झटकायचो आणि फुंकर मारायचो. "पाहा, एवढंसं बी, कुठवर जाते!" टाळ्या पडायच्या. आपल्या गावात तर पाटील म्हणाले, "अजून एक डाव, मास्तर." मी अजून एकदा फुंकर मारली.

या दिवाळीत तीच गावं पुन्हा पाहून आलो. अकराही गावांत गवत आलंय. चावडीपुढं, शाळेच्या ओट्याखाली, आपल्या पाराभोवती. जिथं मी उभा होतो तिथं आधी, मग वाऱ्यानं शेताकडं. बाराव्या गावी गेल्या वर्षी सायकलची साखळी तुटली आणि मी पोचलोच नव्हतो. तिथं एक रोप नाही. तिथले गोवर्धन गुरुजी विचारत होते, "कसं असते हो थे गवत? आमच्याइकडं कोणी पाह्यलंच नाही." मी चहा प्यालो आणि निघालो.

दादा, माझं सांगणं खरं ठरलेलं नाही. मीच ते आणलं.

जमुनाला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग सांगता कावून? कोणाले ठाव हाय?" खरंय. कोणालाच नाही.

आपल्या लहानपणी आबांना त्या पाराच्या सावलीत थांबता येत नव्हतं. पाटलांकडं कामाला गेले तरी उन्हात उभे. मागच्या वर्षी त्याच पारावर पाटलांनी मला हात देऊन चढवलं, तेव्हा तुम्ही मागं उभे राहून उपरण्यानं डोळे पुसत होता. मी पाहिलं होतं. आपल्यातला एक जण बोलतो आणि गाव ऐकतं, हे पाहायला आबा नव्हते, तुम्ही होता. आणि आता सांगितलं तर म्हणतील, यायले वर चढवलं, पाहा काय पेरून गेले. पुन्हा आपल्या कुणाला तो पार मिळायचा नाही. बरेच दिवस या एका विचारावर गप्प बसलो.

पण तुमच्या कार्डाच्या शेवटी लिहिलंय, गावातली चार माणसं तेच झाड घेऊन आजूबाजूच्या खेड्यांत सांगायला निघणार आहेत, अगदी मास्तरसारखं. ते वाचलं आणि जेवण गेलं नाही. तीही फुंकर मारतील.

त्यांना थांबवा. मी शनिवारच्या मोटारीनं येतो. पारावर चढणार नाही, खाली उभा राहून सांगेन. शाल आणली असेल तर परत करा. तुमच्या आयुष्यातला तो एक दिवस मी माघारी घेतो आहे, हे मला कळतं, आणि त्याची माफी मागायलाही लाज वाटते.

हे पत्र आधी वहिनींना वाचून दाखवा. त्यांनी दारातून परत धाडलं तर सरळ धुऱ्यावर जाईन, उरलेलं उपटीन. उपटून होणार काही नाही. बी मातीत पडलंय. पुढच्या पावसाळ्यात येईल, त्याच्या पुढच्याही. हे मी भाषणातच सांगायचो.

पंचफुलावहिनींचा अपराधी,
देवमन

यापुढे पत्त्यावर 'मास्तर' लिहू नका.